मुठीत दडलेली दोन नावं

सामुराईच्या तलवारीची मूठ बांबूच्या एका लहानशा खिळीने पात्याला अडकवलेली असते. ती खिळी ठोकून काढली, की पात्याचा एरवी कुणाच्या नजरेस न पडणारा भाग उघडा होतो. त्यावर काळपट गंज चढलेला असतो. जाणकार तो घासून काढत नाहीत, कारण पात्याचं वय ओळखायला तो उपयोगी पडतो. तलवार घडवणारा लोहार आपलं नाव कोरतो ते इथेच.

सतराव्या शतकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, नागासोने कोतेत्सु हा नामांकित लोहार होता. मूळचा एचिझेन प्रांतातला चिलखतं घडवणारा कारागीर, पन्नाशीच्या सुमारास तलवारींकडे वळला. त्याच्या कित्येक पात्यांवर त्याच्या नावासोबत सोन्यात भरलेलं आणखी एक नाव सापडतं : यामानो काएमोन. हा तलवारींची परीक्षा करणारा सामुराई. देहदंड झालेल्या गुन्हेगारांच्या प्रेतांवर तो पातं चालवून पाही. आज हे वाचताना अंगावर काटा येतो. पण पातं खरं उतरलं, तर निकालाखाली तो स्वतःचं नाव घालत असे. दुसऱ्याच्या कामासाठी आपली अब्रू पणाला लावायची, याहून मोठी साथ एका कारागिराला कोण देणार?

कारण पोलादाच्या पोटात काय आहे, ते वरून दिसत नाही. मातीच्या भट्टीत लोहयुक्त वाळू आणि लोणारी कोळसा थराथराने घालत तीन दिवस, तीन रात्री भाता चालवला, की खाली पोलादाचा अवजड गोळा जमतो. शिमाने प्रांतात 1977 पासून अशी भट्टी पुन्हा पेटवली जाते. या गोळ्यात कार्बन सगळीकडे सारखा नसतो. म्हणून लोहार तो फोडतो, निवडतो, तापवून घणाखाली चेपतो, दुमडतो आणि पुन्हा चेपतो. बारा घड्यांत 4,096 थर होतात. जितक्या घड्या जास्त तितकी तलवार बळकट, हा मात्र गैरसमज आहे. घड्यांचं काम मळी बाहेर काढणं आणि कार्बन सारखा पसरवणं, एवढंच.

खरी कसोटी पाणी देताना लागते. (आपल्याकडे विळ्या-कोयत्याला लोहार पाणी देतो, तेच हे.) लोहार पात्याच्या पाठीवर मातीचा जाड लेप देतो, धारेवर अगदी पातळ. मग अंधारात, नुसता रंग पाहून, पातं साधारण 750 ते 800 अंशांपर्यंत तापवतो. अंधार अशासाठी की उजेडात तो रंग नीट ओळखू येत नाही. एवढ्या उष्णतेत लोखंडाच्या अणूंची रचना बदलते आणि कार्बन त्यांच्यामधल्या फटींत विरघळतो. पातं पाण्यात बुडालं, की पातळ लेपाखालची धार क्षणात थंड होते. कार्बनला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. तो आत अडकून बसतो आणि अणूंची जाळी ताणली जाते. या अतिशय कठीण रूपाला मार्टेन्साइट म्हणतात. जाड लेपाखालची पाठ सावकाश निवते, त्यामुळे ती तुलनेने मऊ आणि चिवट राहते. धार तीक्ष्ण टिकते, पाठ घाव सोसते.

तलवारीचा डौलदार बाकही मुख्यतः इथेच येतो. आधी धार आकसते आणि पातं क्षणभर धारेकडे झुकतं. मग मार्टेन्साइट तयार होतं. त्याला जास्त जागा लागते, म्हणून धार फुगते आणि पातं उलट, पाठीकडे वळतं. या ओढाताणीत पात्याला तडाही जाऊ शकतो, आणि मग आधीची सगळी मेहनत भंगारात. पातं निभावलं, तर कठीण आणि मऊ पोलादाच्या सीमेवर धुरकट पांढरी लहर उमटते. तिला हामोन म्हणतात. घासकाम करणारा कारागीर ती उजळून दाखवतो.

मुठीत जाणाऱ्या भागाला मात्र लोहार मुद्दाम पाणी देत नाही. तो कठीण झाला, तर घाव घालताना मुठीपाशीच तुटेल. तो मऊ राहतो म्हणून त्यावर छिन्नी चालते, आणि कोतेत्सुचं नाव कोरता येतं. काएमोनच्या नावाचं सोनंही त्याच मऊ लोखंडात कोरलेल्या खाचांत बसवलेलं आहे.