सीट उंच म्हणजे गाडी उंच नव्हे: वॅगन की क्रॉसओव्हर

वॅगनचं नाव काढलं की लगेच, 'अरे ती खाली घासणार, मुंबईचे खड्डे बघितलेस का?' आता कंटाळा आला हे ऐकून. क्रॉसओव्हर म्हणजे क्रेटासारख्या, एसयूव्हीसारख्या उंच दिसणाऱ्या गाड्या, प्रत्येक सोसायटीत रांगेने उभ्या आहेत. वॅगन म्हणजे सेडानच, फक्त छत पार मागेपर्यंत नेलेलं. दोन्ही कारच्याच प्लॅटफॉर्मवर, आणि आपल्याकडच्या बहुतेक क्रॉसओव्हर नुसत्या पुढच्या चाकांवर चालतात, त्यामुळे क्रॉसओव्हर म्हणजे फोर बाय फोर, चारही चाकांना ताकद, हे डोक्यातून काढा.

घोळ उंचीचा आहे. आपण उंच बसलो म्हणजे गाडीचं पोटही उंच, असं धरून चालतात लोक. क्रेटाचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि रस्ता यांतलं अंतर, 190 मिमी, व्होल्व्हो व्ही 90 क्रॉस कंट्री ही वॅगन असून 210, आणि तरी तिचं छत क्रेटापेक्षा जवळपास 9 सेंमी खाली! क्रॉसओव्हरची उंची जाते सीट, काचा आणि छतात, म्हणजे वजन वर, मग आंबा घाटात गाडी वळणावर झुकते आणि मागे बसलेल्यांना मळमळतं. वॅगन तिथे सपाट जाते. साधी, क्रॉस कंट्रीसारखी मुद्दाम उंच न केलेली वॅगन मात्र सेडानइतकीच खाली असते, ती स्पीडब्रेकरला घासू शकते. म्हणून आकडा बघा, आकार नको, आणि तो आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या हेही विचारा.

पाण्याचं तर आणखी वेगळं. मुंबईत पावसात तुंबणाऱ्या हिंदमाताला किंवा मिलन सबवेत 'आपली एसयूव्ही आहे' म्हणून गाडी घालणाऱ्यांची खरंच चीड येते. इंजिन हवा जिथून ओढतं तिथून पाणी आत गेलं की इंजिनातला पिस्टनचा दांडा (कनेक्टिंग रॉड) वाकतो, आणि ते तोंड किती उंचीवर आहे ते ग्राउंड क्लिअरन्स सांगत नाही. विम्यात इंजिन प्रोटेक्शन वेगळं घेतलेलं नसेल तर खर्च बहुतेक तुमच्याच खिशातून.

डिकी वॅगनची लांब, गणपतीला गावी जाताना सामान आडवं मावतं. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर क्रॉसओव्हरच घ्या, तिथे वाद नाही. बाकी कुणालाही मी वॅगनच सांगेन.

अडचण मिळण्याची. टाटा इस्टेट, इंडिगो मरीना, ऑक्टाव्हिया कॉम्बी या वॅगन येऊन गेल्या, टिकली एकही नाही. सेकंडहँड व्ही 90 बघणार असाल तर आधी आपलं स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायचं) मोजा, उंचीत बसेल कदाचित, पण लांबी 4.9 मीटर आहे.