खलनायिकेचे बालपण आधी पाहिले तर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या आमच्या घरी तीन पिढ्यांनी एकत्र बसून ‘क्रुएला’ हा चित्रपट पाहिला आणि तो संपताच घरात सरळ दोन तट पडले. अकरा वर्षांच्या माझ्या भाचीला क्रुएला मनापासून आवडली होती. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत अस्वस्थ होती. “कुत्र्याच्या पिल्लांच्या कातड्याचा कोट शिवायला निघालेली बाई आहे ती, तिची कसली दया करायची?” असे ती म्हणाली, तेव्हा भाचीने अगदी प्रामाणिकपणे विचारले, “पण आई, तिने तर एकाही पिल्लाला काही केलं नाही. तू हे कुठे पाहिलंस?” जेवणानंतर तलावपाळीला चक्कर मारायला गेलो, तेव्हा गडकरी रंगायतनपासून पुन्हा गडकरी रंगायतनपर्यंत मासुंदा तलावाला पूर्ण वळसा झाला, तरी मायलेकींचा वाद मिटला नव्हता. माझी आई एवढेच म्हणाली, “तुम्ही दोघी एकाच बाईबद्दल बोलताय ना, याची आधी खात्री करा.”

मी मानसशास्त्र शिकवते, त्यामुळे आईचे ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. जगभरच्या प्रेक्षकांतही या चित्रपटावरून असेच दोन तट पडले होते. खलनायिकेला भूतकाळ दिल्यामुळे ती माणूस वाटू लागली, असे काहींचे म्हणणे होते. तिच्या दुष्टपणाला सबब पुरवून गोष्टीचा कणाच काढून घेतला, असे इतरांना वाटत होते. हा मतभेद अभिरुचीचा किंवा नीतिमत्तेचा आहे असे आपण सहज समजतो. माझ्या मते त्याचा फार मोठा भाग एका साध्या गोष्टीवर अवलंबून आहे, आणि ती म्हणजे या बाईची ओळख तुम्हाला कोणत्या क्रमाने झाली.

क्रुएला द विल हे पात्र डोडी स्मिथ या ब्रिटिश लेखिकेच्या १९५६ सालच्या बालकादंबरीतून आले. १९६१ साली त्यावर रेखापट निघाला आणि १९९६ साली ग्लेन क्लोजने ती भूमिका पडद्यावर प्रत्यक्ष साकारली. या सर्व रूपांत तिच्या दुष्टपणाला फरची हाव सोडून दुसरे कारण नव्हते. तिच्या नावातच क्रौर्य आणि सैतान दडलेले होते आणि तेवढे पुरेसे होते. माझ्या बहिणीने तो रेखापट नव्वदच्या दशकात केबलवर पाहिला होता. क्रेग गिलेस्पी यांनी दिग्दर्शित केलेला २०२१ सालचा चित्रपट मात्र १९६०च्या दशकातल्या इंग्लंडमध्ये एस्टेला नावाच्या मुलीपासून सुरू होतो आणि पुढे १९७०च्या दशकातल्या लंडनमध्ये घडतो. ती आई गमावते, चोऱ्या करत वाढते, शिवणकामात विलक्षण हुशार निघते आणि एका निर्दय फॅशन-सम्राज्ञीशी झुंजता झुंजता क्रुएला बनते. भाचीला ठाऊक होती ती एवढीच.

दुष्ट माणूस मनात उभा राहायला किती थोडी सामग्री लागते, हे अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजमध्ये फ्रिट्झ हायडर आणि मारियान झिमेल यांनी १९४४ साली दाखवून दिले. त्यांनी अडीच मिनिटांचा एक मूक चित्रपट तयार केला. त्यात एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार उघडणारी एक चौकट एवढेच होते आणि या आकृत्या इकडेतिकडे सरकत होत्या. काय दिसले ते लिहा, असे ३४ विद्यार्थिनींना सांगितले, तेव्हा केवळ एकीने आकृत्यांच्या हालचालींचे भूमितीसारखे वर्णन केले. बाकी सगळ्यांनी गोष्ट सांगितली, आणि त्या गोष्टीतला मोठा त्रिकोण बहुतेकींच्या लेखी दांडगट, भांडखोर आणि चिडका होता. त्याला चेहरा नव्हता, आवाज नव्हता, बालपण तर नव्हतेच. तरीही तो खलनायक झाला. हालचाल दिसली की आपण तिच्यामागे हेतू पाहतो, आणि हेतू दिसला की त्यामागे स्वभाव गृहीत धरतो.

या दुसऱ्या उडीवर पुढे पुष्कळ संशोधन झाले. १९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी विद्यार्थ्यांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले आणि लेखकाचे खरे मत ओळखायला सांगितले. लेखकाने बाजू स्वतः निवडली नव्हती, ती त्याला नेमून दिली होती, हे स्पष्ट सांगितल्यावरही वाचकांचा कल निबंधातले मत लेखकाचेच मानण्याकडे राहिला. परिस्थितीचा दाब डोळ्यांसमोर असूनही आपण वागण्याचे कारण माणसाच्या आत शोधतो. ली रॉस यांनी १९७७ साली या प्रवृत्तीला जे नाव दिले, त्याचे मराठी ‘मूलभूत कारणारोपण-दोष’ असे करता येईल. जुन्या गोष्टींतला खलपुरुष याच दोषाच्या जमिनीत उगवतो: तो वाईट वागतो कारण तो वाईट आहे. नवा चित्रपट प्रेक्षकाला दोन तासांहून अधिक काळ परिस्थितीच्या बाजूला बसवून ठेवतो. आईचा मृत्यू, गरिबी, अपमान आणि फसवणूक एकापाठोपाठ एक दाखवतो आणि मग तीच व्यक्ती तोऱ्यात समोर उभी करतो.

मग माझ्या बहिणीवर त्याचा परिणाम का झाला नाही? मला याचे उत्तर सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९४६ सालच्या प्रयोगात सापडते. मानसशास्त्रातल्या माझ्या अत्यंत आवडत्या प्रयोगांपैकी तो एक आहे, कारण त्याला यंत्र लागत नाही, कागदाचा एक तुकडा पुरतो. अ‍ॅश यांनी एका गटाला एका काल्पनिक व्यक्तीचे सहा गुण वाचून दाखवले: बुद्धिमान, कष्टाळू, उतावळी, दोष काढणारी, हट्टी, मत्सरी. दुसऱ्या गटाला हेच सहा शब्द उलट्या क्रमाने वाचून दाखवले. एकही शब्द कमी नाही, एकही जास्त नाही. पहिल्या गटाच्या मनात एक कर्तबगार व्यक्ती उभी राहिली, जिच्यात काही उणिवा आहेत पण त्या तिचे गुण झाकोळत नाहीत. दुसऱ्या गटाला दिसली ती अडचणीची व्यक्ती, जिची बुद्धी तिच्या दोषांमुळे वाया जाते आहे. अ‍ॅश यांचे म्हणणे असे की, आधी आलेले शब्द एक दिशा ठरवतात आणि नंतरच्या शब्दांचा अर्थच त्या दिशेने वळतो. बुद्धिमान आणि कष्टाळू माणसाचा हट्ट म्हणजे ठामपणा, मत्सरी माणसाचा हट्ट म्हणजे आडमुठेपणा.

आता आमच्या दिवाणखान्याकडे पुन्हा पाहा. बहिणीच्या यादीतला पहिला शब्द ‘पिल्लांचा कोट’ हा होता, आणि तो तिच्या मनात पंचवीस-तीस वर्षे मुरला होता. त्यानंतर आलेली एस्टेलाची हुशारी तिला धूर्तपणा वाटली आणि तिचे दुःख तिला सबब वाटले. भाचीच्या यादीत ‘आई गेलेली मुलगी’ हा पहिला शब्द होता, त्यामुळे तोच धूर्तपणा तिला धडाडी वाटला. दोघींनी एकच चित्रपट पाहिला, आणि तरीही आई म्हणाली ते खरे होते.

आपल्याकडे हे नवे नाही. पुराणात बळीराजा हा असुर आहे आणि वामनाने त्याला पाताळात घातले ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकतो. पण त्याआधीच घरात, बलिप्रतिपदेला ओवाळताना ‘इडापिडा टळो, बळीचे राज्य येवो’ हे शब्द कानावर पडलेले असतील, तर वामनाच्या तिसऱ्या पावलाचा अर्थ वेगळा लागतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो, ते काही असुर म्हणून नव्हे.

क्रमाखेरीज आणखी एक शक्ती या चित्रपटात काम करते, ती कपड्यांची. वेशभूषाकार जेनी बीवन यांनी मुख्य अभिनेत्री एमा स्टोनसाठी ४७ पोशाख घडवले आणि या कामासाठी त्यांना २०२२ साली ऑस्कर मिळाले. एका प्रसंगात केवळ काळ्या-पांढऱ्या पोशाखांची मेजवानी आहे; एस्टेला तिथे पांढरा अंगरखा घालून येते, त्याला आग लावते आणि आतून लाल झगा प्रकट होतो. हा प्रसंग ज्याने पाहिला तो विसरत नाही, याचे कारण १९३३ साली हेडविग फॉन रेस्टॉर्फ या जर्मन संशोधिकेने शोधले होते: एकसारख्या गोष्टींच्या रांगेत एकच वेगळी ठेवली, तर तीच अधिक चांगली लक्षात राहते. त्यात सौंदर्याची भर पडते. कॅरेन डायन, एलेन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर यांनी १९७२ साली केवळ छायाचित्रे दाखवून लोकांचे अंदाज विचारले, तेव्हा आकर्षक चेहऱ्यांच्या वाट्याला स्वभावाचे चांगले गुणही आपोआप आले. देखण्या पोशाखातली चोरी आपण चोरी म्हणून कमी आणि कसब म्हणून जास्त पाहतो, यात भाचीचा काही दोष नाही. मीही तशीच पाहिली.

क्रुएलाच्या केसांबद्दल मात्र मला थोडे थांबून लिहायचे आहे. ती अर्धे काळे, अर्धे पांढरे केस घेऊन जन्मते. डोक्याच्या मधोमध रेघ आखावी तशी विभागणी ही चित्रकारांची कल्पना असली, तरी जन्मापासून कपाळावर पांढरी बट असणे ही खरी गोष्ट आहे. केसांना रंग देणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूने निघून शरीरभर पसरतात. ‘किट’ नावाच्या जनुकात बदल असला तर त्यांतल्या काही ठरल्या जागी पोचत नाहीत आणि कपाळावरची त्वचा व केस पांढरे राहतात. गंमत अशी की तिच्या गोष्टीतले डाल्मेशियन कुत्रेही याच पेशींच्या प्रवासाची कहाणी अंगावर वागवतात. त्यांची पिल्ले पांढरीशुभ्र जन्मतात, ठिपके साधारण दोन आठवड्यांनी दिसू लागतात, आणि आतल्या कानातही या पेशी कमी पडल्या तर पिल्लू बहिरे होते.

इतक्या निरुपद्रवी जैविक फरकाला पडद्यावर दुष्टपणाची खूण करून टाकले जाते. २०१७ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी हॉलिवूडच्या सार्वकालिक पहिल्या दहा खलपात्रांचे चेहरे तपासले, तेव्हा सहा जणांच्या त्वचेवर किंवा केसांत काही ना काही वैगुण्य आढळले: टक्कल, डोळ्यांभोवती काळी वर्तुळे, खोल सुरकुत्या, व्रण. ज्या समाजात कोड असलेल्या मुलीचे लग्न अजून अडते, त्या समाजात ही खूण लहान मुलांच्या मनावर काय कोरते याचा विचार व्हायला हवा. नव्या चित्रपटाने ते केस दुष्टपणाचे चिन्ह म्हणून न दाखवता, शाळेत चिडवले जाणाऱ्या मुलीचे केस म्हणून दाखवले, ही त्याची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे.

खलपात्र आवडणे म्हणजे मनात काही काळेबेरे असणे, ही बहिणीला वाटणारी काळजी मात्र निराधार आहे. रिबेका क्राउस आणि डेरेक रकर यांनी २०२० साली एका मनोरंजन संकेतस्थळावरच्या सुमारे २,३२,५०० लोकांची माहिती तपासली, तेव्हा लोकांना आपल्याशी साम्य असलेली खलपात्रे अधिक भावतात असे दिसले. प्रत्यक्षात आपल्यासारखाच एखादा वाईट माणूस भेटला तर आपण दूर सरतो, कारण त्याच्यामुळे आपल्या स्वतःबद्दलच्या प्रतिमेला धक्का बसतो. गोष्टीत हा धोका उरत नाही, म्हणून तिथे आपण त्याच्याकडे निवांत पाहू शकतो. वर्गात वेगळी पडणारी, कात्री-कापडात रमणारी माझी भाची एस्टेलात स्वतःला पाहत होती, एवढाच त्याचा अर्थ.

माझी स्वतःची तक्रार वेगळी आहे. या चित्रपटात एस्टेलाच्या आईचा मृत्यू डाल्मेशियन कुत्र्यांनी कड्यावरून ढकलल्याने होतो, आणि या योगायोगाची प्रेक्षकांनी खूप थट्टा केली. परिणाम मोठा असेल तर कारणही तेवढेच मोठे हवे, अशी मनाची मागणी असते. क्लार्क मॅकॉली आणि सुझन जॅक्स यांनी १९७९ साली दाखवले होते की, राष्ट्राध्यक्षावरचा हल्ला यशस्वी झाला असे सांगितले तर लोकांना त्यामागे कट असण्याची शक्यता जास्त वाटते आणि गोळी चुकली असे सांगितले तर कमी. एवढ्या मोठ्या खलनायिकेला एवढेसे कारण पुरत नाही, म्हणून हसू आले. पण पुरेसे मोठे कारण दिले असते, तर ते खरे ठरले असते का?

कॅथी स्पॅट्झ विडम यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बालपणी छळ किंवा दुर्लक्ष सोसलेल्या ९०८ मुलांची तुलना वय, लिंग आणि परिस्थितीने मिळत्याजुळत्या ६६७ मुलांशी केली होती. छळ सोसलेल्यांपैकी २६ टक्के मुलांना अल्पवयात अटक झाली, इतरांपैकी १७ टक्के मुलांना. फरक खरा आहे आणि तो गंभीर आहे. वाईट बालपणाची किंमत समाजाला आणि त्या मुलांना मोजावी लागते. पण त्याच आकड्यांत असेही लिहिले आहे की, ज्यांनी सोसले त्यांच्यातल्या ७४ टक्के मुलांच्या वाट्याला अशी अटक आली नाही. पडद्यावरची उत्पत्तिकथा या ७४ टक्के मुलांना कधीच भेटत नाही, कारण त्यांच्यापैकी कुणी खलनायक होत नाही आणि त्यांच्यावर चित्रपटही निघत नाही. आई गमावलेली, बोलणी खाल्लेली मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात, आणि ‘म्हणून ती अशी झाली’ हे वाक्य त्यांच्या कानावर इतक्या सहजपणे पडू नये असे मला फार वाटते.

भाऊबीजेनंतरच्या रविवारी बहिणीने मुद्दाम १९६१चा रेखापट लावला. आता लेकीला कळेल, असे तिला वाटत होते. लांब गाडीतून क्रुएला आली, सिगारेटच्या धुरात ओरडली, पिल्लांची मागणी करून पाय आपटत निघून गेली. भाची पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग हळूच मला म्हणाली, “मावशी, ही फार दमलेली दिसते ना?” माझ्या दुसऱ्या बाजूला बहीण बसली होती, आणि तिने मांडीवरची उशी घट्ट धरली होती.