बक रेग्युलेटर मॉड्यूल

एकदिश (डीसी) पुरवठ्याचे व्होल्टेज अतिशय वेगाने चालू-बंद होणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या साहाय्याने खाली आणणारा व ते स्थिर ठेवणारा, छोट्या पीसीबीवर (छापील सर्किट-पट्टीवर) तयार मिळणारा संच. यालाच स्टेप-डाउन मॉड्यूल म्हणतात. नियंत्रक चिप, इंडक्टर कॉइल, डायोड आणि इनपुट व आउटपुट बाजूंचे कपॅसिटर हे त्याचे मुख्य घटक होत. सौर दिवे, वाहनांतील चार्जर, मायक्रोकंट्रोलरचे प्रकल्प असा त्याचा वापर सर्वपरिचित आहे. या नोंदीतील आकडे मुख्यतः एलएम२५९६ या चिपच्या मॉड्यूलचे आहेत. मुंबईचा लॅमिंग्टन रस्ता किंवा पुण्यातील पासोड्या विठोबाचा परिसर येथील दुकानांत ते सहज मिळते.

तत्त्व : ७८०५ या चिपसारखा लिनिअर, म्हणजे स्विचिंग न करणारा, रेग्युलेटर जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने घालवतो. १२ व्होल्टवरून ५ व्होल्टला १ अँपिअर घेतल्यास भाराला (जोडलेल्या उपकरणाला) ५ वॅट मिळतात आणि ७ वॅट वाया जातात. बक सर्किटमध्ये स्विच चालू असताना प्रवाह कॉइलमधून भाराकडे जातो व कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठते. स्विच बंद होताच कॉइल तोच प्रवाह डायोडमार्गे पुढे वाहता ठेवते. कॉइलमधील प्रवाह शून्यावर येत नसेल, तर आउटपुट व्होल्टेज हे इनपुट व्होल्टेज आणि ड्यूटी सायकल (प्रत्येक आवर्तनात स्विच चालू असण्याच्या काळाचे प्रमाण) यांच्या गुणाकाराएवढे असते. १२ वरून ५ व्होल्टसाठी ड्यूटी सायकल आदर्श स्थितीत सुमारे ४२ टक्के येते. एलएम२५९६ मधील स्विच द्विध्रुवी ट्रान्झिस्टरचा असून पूर्ण भाराला त्यावर एक व्होल्टहून थोडे अधिक व्होल्टेज पडते. त्यामुळे प्रत्यक्ष ड्यूटी सायकल जास्त असते आणि कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या आसपास राहते.

उगम : या सर्किटचे जनकत्व एका व्यक्तीला देता येत नाही. १९३० च्या दशकातील मोटार-रेडिओंत यांत्रिक व्हायब्रेटर बॅटरीचा प्रवाह तोडत असे. काही लेखक उगम तेथवर नेतात. परंतु त्या रचनेत व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने चढवले जाई आणि चालू-बंद काळाचे गुणोत्तर बदलून नियमन होत नसे; म्हणून तिला दूरची पूर्वज मानणेच योग्य. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात पॉवर ट्रान्झिस्टर व थायरिस्टर हे मोठा प्रवाह चालू-बंद करणारे अर्धवाहक घटक हाती आल्यावर आजच्या अर्थाने स्विचिंग नियमन शक्य झाले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७७ च्या अ‍ॅपल २ संगणकासाठी रॉड होल्ट यांनी केलेल्या पुरवठ्याला अनेकदा आरंभबिंदू म्हटले जाते. तो पुरवठा फ्लायबॅक प्रकारचा (ट्रान्सफॉर्मरसारख्या जोडकॉइलमध्ये ऊर्जा साठवून पुढे देणारा), मुख्य विजेवर थेट चालणारा होता. बक सर्किटच्या इतिहासात त्याचे स्थान अप्रत्यक्षच. सिलिकॉन जनरल कंपनीची एसजी१५२४ ही नियंत्रक चिप १९७० च्या दशकाच्या मध्यास आली आणि त्याच सुमारास, १९७६ मध्ये, अमेरिकेतील कॅलटेक या तंत्रविद्यापीठातील मिडलब्रूक व चूक यांनी स्विचिंग सर्किटांच्या गणिती प्रतिमानाची सर्वसाधारण पद्धत मांडली. बक सर्किट कारागिराच्या अंदाजातून अभियंत्याच्या हिशेबात आले ते या दोहोंमुळे. पुढे नॅशनल सेमिकंडक्टरने ‘सिंपल स्विचर’ ही चिपमालिका काढली. एलएम२५९६ तिच्यातील असून २०११ पासून ती टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे आहे.

अभिकल्प : एलएम२५९६ ची वारंवारिता १५० किलोहर्ट्झ, कमाल भार ३ अँपिअर व कमाल इनपुट ४० व्होल्ट. कॉइल निवडताना प्रवाहातील चढउतार, म्हणजे रिपल, पूर्ण भाराच्या २० ते ३० टक्के धरण्याचा प्रघात आहे. १२ वरून ५ व्होल्टसाठी ३३ मायक्रोहेन्रीची कॉइल घेतल्यास रिपल साधारण ०.५९ अँपिअर येतो. कॉइलवरील ‘३३०’ या खुणेचा अर्थ ३३ मायक्रोहेन्री असा आहे. भारासह रिपलचा शिखरबिंदू गाठतानाही कॉइलचा गाभा संपृक्त होता कामा नये, म्हणजे त्याची चुंबकीय क्षमता संपता कामा नये. तो संपृक्त झाला की इंडक्टन्स कोसळतो आणि प्रवाह भडकतो.

आउटपुट कपॅसिटरचा अंतर्गत रोध ०.१ ओहम असेल, तर वरील रिपलमुळे आउटपुटवर सुमारे ५९ मिलिव्होल्टची लहर उमटते. ती घालवण्यासाठी नुसते सिरॅमिक कपॅसिटर लावणे मात्र या चिपला मानवत नाही. आउटपुट मोजून स्विचचा चालू काळ सुधारणाऱ्या तिच्या फीडबॅक वळशाचे स्थैर्य त्या रोधावर काही अंशी अवलंबून असते आणि तो फार घटल्यास आउटपुट डोलू लागते. त्यापेक्षा आउटपुटनंतर एक लहान कॉइल व कपॅसिटर यांचा वेगळा फिल्टर देणे बरे.

फीडबॅक पिनवर १.२३ व्होल्ट राखले जातात. आउटपुट किती ठेवायचे ते दोन रोधांचे गुणोत्तर ठरवते. खालचा १ किलोओहम असल्यास ५ व्होल्टसाठी वरचा सुमारे ३.०७ किलोओहम लागतो. मॉड्यूलवर वरच्या रोधाच्या जागी फिरवता येणारा प्रीसेट असतो. त्याचा संपर्क तुटला तर फीडबॅक शून्याकडे जातो, चिप स्विच शक्य तितका वेळ चालू ठेवते आणि भारावर जवळजवळ पूर्ण इनपुट व्होल्टेज येते. कायम चालणाऱ्या उपकरणात प्रीसेट काढून स्थिर रोध बसवणे, अथवा ५ व्होल्टचीच ठरीव चिप घेणे, हाच मार्ग खात्रीचा आहे. नवे मॉड्यूल भार जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने जुळवून घ्यावे.

इनपुट बाजूकडे अनेकदा दुर्लक्ष होते. चिप आउटपुटची शक्ती स्थिर राखत असल्याने इनपुट व्होल्टेज वाढले की घेतलेला प्रवाह घटतो. पुरवठ्याला हा ऋण रोधच भासतो. लांब तारांचा किंवा फिल्टरमधील इंडक्टन्स त्यास मिळाला की दोलने सुरू होऊ शकतात, हे मिडलब्रूक यांनी १९७६ मध्येच दाखवले होते. त्यासाठी इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मॉड्यूलला लागूनच द्यावा. स्वतःचा पीसीबी करताना इनपुट कपॅसिटर, स्विच व डायोड यांचा वळसा शक्य तितका आखूड ठेवावा, कारण प्रवाह झटक्याने बदलतो तो याच वळशात.

उष्णतेबाबत, ५ व्होल्टला २ अँपिअर घेतल्यास ८० टक्के कार्यक्षमतेने २.५ वॅट तोटा होतो. त्यातील बराच चिपमध्ये, काही डायोडमध्ये होतो. म्हणून २ अँपिअरच्या पुढे सामान्यतः हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लागते. डायोड शॉटकी प्रकारचाच, म्हणजे कमी व्होल्टेज पडणारा व वेगवान, हवा.

स्वस्त मॉड्यूलांवर एलएम२५९६ चे नाव छापलेली वेगळीच चिप आढळल्याची अनेक उदाहरणे आहेत. ऑसिलोस्कोपवर १५० ऐवजी ५० किलोहर्ट्झच्या आसपासची वारंवारिता दिसणे ही तिची ओळख. त्याच ३३ मायक्रोहेन्रीच्या कॉइलवर रिपल तिप्पट होऊन पावणेदोन अँपिअरच्या घरात जातो. अशा मॉड्यूलकडून ३ अँपिअरची अपेक्षा धरू नये.