राष्ट्रीय बंदूक करार (ऑस्ट्रेलिया, १९९६)

ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार आणि तेथील राज्ये यांनी १० मे १९९६ रोजी मान्य केलेला शस्त्रनियंत्रणाचा समान आराखडा. २८ एप्रिलला टास्मानियातील पोर्ट आर्थर या पर्यटनस्थळी एका तरुणाने अर्धस्वयंचलित (चाप ओढताच पुढची गोळी आपोआप भरणाऱ्या) रायफलींनी ३५ जणांचा जीव घेतला. त्यानंतर बाराच दिवसांत हा करार झाला.

ही घाई दिसते तशी नव्हती. बंदुकांचे कायदे करणे तिथे राज्यांच्या हाती असते. १९८७ मध्ये मेलबर्नमध्ये दोनदा गोळीबार होऊनही राज्यांचे एकमत झाले नाही, आणि टास्मानियात हत्याकांड होईपर्यंत काही बदलणार नाही, असे न्यू साउथ वेल्सचे तेव्हाचे प्रीमियर (मुख्यमंत्री) बॅरी अन्सवर्थ उद्वेगाने बोलून गेले. ते अक्षरशः खरे ठरले. मधल्या काळात बंदूक-नियंत्रणासाठी झटणाऱ्या रिबेका पीटर्स आणि त्यांच्यासोबतच्या महिला, डॉक्टर व वकिलांच्या संघटनांनी मागण्यांचा मसुदा तयार ठेवला होता, म्हणून बारा दिवस पुरले.

करारानुसार अर्धस्वयंचलित रायफली व शॉटगन आणि पंप-ॲक्शन (हाताने पुढे-मागे सरकवून काडतूस भरण्याच्या) शॉटगन सर्वसामान्यांसाठी बंद झाल्या. प्रत्येक बंदुकीची नोंदणी, खरेदीपूर्वी २८ दिवसांची प्रतीक्षा आणि घरी कुलूपबंद साठवण सक्तीची झाली. शिकार, नेमबाजी, शेतीचे काम अशी कारणे परवान्यासाठी चालतात. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. करारातील सर्वांत मोलाची तरतूद हीच म्हणावी लागेल. सरकारने सुमारे साडेसहा लाख बंदुका भरपाई देऊन परत घेतल्या व नष्ट केल्या. त्यासाठी मेडिकेअर (सरकारी आरोग्यविमा) कर एका वर्षापुरता ०.२ टक्क्याने वाढवला.

खरी कसोटी लागली ती ग्रामीण भागात. पंतप्रधान जॉन हॉवर्ड उजव्या आघाडीचे, आणि शेतकरी हा त्याच आघाडीचा मतदार. जूनमध्ये व्हिक्टोरियातील सेल गावी ते संतापलेल्या बंदूकधारकांसमोर उभे राहिले तेव्हा कोटाखाली चिलखती जाकीट होते. ते घातल्याचा पुढे त्यांना पस्तावा झाला. उपपंतप्रधान टिम फिशर स्वतः शेतकरी. आपल्याच मतदारांचा राग अंगावर घेत त्यांनी सभांमधून कायद्याची बाजू मांडली. याची राजकीय किंमतही मोजावी लागली: १९९८ च्या क्वीन्सलँड निवडणुकीत कडव्या उजव्या विचारांच्या वन नेशन पक्षाने ११ जागा मिळवल्या आणि आघाडीचे राज्य सरकार गेले. बंदुकांचा राग हे त्याचे एकमेव कारण नसले, तरी एक मोठे कारण होते. तरीही करार मोडला नाही.

पुढील वर्षांत बंदुकीने होणाऱ्या हत्या व आत्महत्या घटल्या. ही घट आधीच सुरू झाली होती, त्यामुळे श्रेय किती कराराचे, यावर संशोधकांत मतभेद आहेत. मोनॅश विद्यापीठातील २००२ च्या गोळीबारानंतर पिस्तुलांवरही निर्बंध आले व २००३ मध्ये तीही परत घेण्यात आली. देशभराची एकत्रित नोंदवही मात्र रखडली. ती उभारण्यास केंद्र व राज्ये राजी झाली, तेव्हा डिसेंबर २०२३ उजाडला होता.