अगरूच्या निर्यातीसाठी साइटीस परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

अक्विलारिया आणि गायरिनॉप्स या उष्णकटिबंधीय वृक्षांचे निरोगी लाकूड फिकट, हलके आणि जवळजवळ गंधहीन असते. खोडाला इजा होऊन आत बुरशी शिरली, की झाड स्वतःच्या बचावासाठी गडद राळ तयार करते. ही राळ मुरलेले सुगंधी लाकूड म्हणजे अगरू. ते कोणत्या झाडात आहे हे बाहेरून खात्रीने सांगता येत नसल्यामुळे जंगलांत त्याच्या शोधापायी निरोगी झाडेही तोडली गेली. म्हणूनच धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात १९९५ मध्ये अक्विलारिया मलाक्केन्सिस ही प्रजाती आणि २००५ मध्ये या दोन्ही वंशांतील सर्व प्रजाती समाविष्ट झाल्या. दुसऱ्या परिशिष्टात नाव असणे म्हणजे व्यापारबंदी नव्हे. मात्र माल देशाबाहेर नेण्यापूर्वी परवाना घ्यावाच लागतो.

परवाना कशाला लागतो

लाकूड, ढलप्या, तेल, मणी, जपमाळा आणि कोरीव वस्तू यांना परवाना लागतो. बिया, फळे, पाने, अर्क काढून उरलेला निःसत्त्व चुरा आणि किरकोळ विक्रीसाठी वेष्टनात बंद केलेली तयार उत्पादने यांना सूट आहे. ढलप्या, मणी, जपमाळा आणि कोरीव वस्तू मात्र वेष्टनबंद असल्या तरी त्यांना ही सूट मिळत नाही. प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी १ किलोपर्यंत ढलप्या, २४ मिलिलिटरपर्यंत तेल आणि मण्यांच्या किंवा जपाच्या दोन माळा परवान्याविना नेता येतात. तरीही काही देशांचे नियम याहून कडक असल्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी.

पात्रतेच्या दोन कसोट्या

अर्जदार व्यक्ती असो वा कंपनी, अर्ज आपल्या देशाच्या साइटीस व्यवस्थापन प्राधिकरणाकडे करावा लागतो. माल देशातील कायद्यांचा भंग करून मिळवलेला नाही, याची खात्री हे प्राधिकरण करते. आणि या निर्यातीमुळे त्या प्रजातीच्या अस्तित्वाला बाधा येणार नाही, असा अभिप्राय वैज्ञानिक प्राधिकरण देते. यांपैकी एक जरी कसोटी अपुरी राहिली, तरी परवाना देता येत नाही.

जंगलातून काढलेल्या मालासाठी दुसरी कसोटी कठीण असते, कारण तेथे उरलेली झाडे, नवी रोपे आणि तोडीचे प्रमाण यांचा विचार होतो. लागवडीच्या मालाची वाट तुलनेने सोपी आहे. घराभोवतालची बाग, सामुदायिक बाग, एकाच जातीची किंवा मिश्र लागवड, अशा ठिकाणी वाढवलेली अगरूची झाडे कृत्रिमरीत्या वाढवलेली मानावीत, असे साइटीसच्या २०१३ च्या ठरावात म्हटले आहे. जंगली मालाला ‘डब्ल्यू’ आणि कृत्रिमरीत्या वाढवलेल्या मालाला ‘ए’ हा उगमसंकेत असून, या दोहोंच्या मधल्या, मानवी साहाय्याने झालेल्या उत्पादनासाठी ‘वाय’ हा संकेत आहे. माल तोच असला तरी संकेत बदलताच तपासणीचे स्वरूप बदलते. म्हणून अर्जातील ही एक नोंद मला सर्वांत जबाबदारीची वाटते. जंगली माल लागवडीचा म्हणून दाखवला गेला, तर या व्यवस्थेचा हेतूच नाहीसा होतो.

कागदपत्रे

उगम सिद्ध करणारे पुरावे हा अर्जाचा कणा आहे. लागवडीची मालकी किंवा नोंदणी, रोपांचा स्रोत, लागवडीचे वर्ष, राळ तयार व्हावी म्हणून खोडाला केलेल्या इजेची किंवा टोचणीची नोंद, तोडीची परवानगी, खरेदीच्या पावत्या आणि वाहतुकीचे कागद एकमेकांशी जुळले पाहिजेत. नेमकी यादी देशागणिक बदलते. पण ज्याने पहिल्या रोपापासून वही ठेवली आहे, त्याला कोणत्याही यादीची चिंता नसते. अर्जात प्रजातीचे शास्त्रीय नाव, मालाचा प्रकार, एककासह परिमाण, निर्यातीचा हेतू, मूळ देश आणि निर्यातदार व आयातदार यांची नावे-पत्ते द्यावेत. केवळ ‘अगरू’ असे लिहिणे पुरेसे नाही.

परवाना मिळाल्यावर

प्रत्येक खेपेसाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि तो जास्तीत जास्त सहा महिने वैध असतो. आयात केलेला माल पुन्हा बाहेर पाठवायचा असल्यास पुनर्निर्यात प्रमाणपत्र घ्यावे लागते व त्यासाठी माल कायदेशीररीत्या आत आल्याचा पुरावा, म्हणजे मूळ देशाच्या निर्यात परवान्याचा तपशील, जपून ठेवावा लागतो. काही देश आपल्याकडील आयात परवानाही मागतात. त्यामुळे माल बांधण्याआधी खरेदीदाराकडून त्याची खात्री करून घ्यावी. माल निघताना प्रत्यक्ष पाठवलेले परिमाण परवान्यावर नोंदवून अधिकाऱ्याची सही व शिक्का घ्यावा.