रिबोअर करताना पाव की अर्धा?

रिबोअर म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कापून मोठा करणं आणि त्यात मोठा पिस्टन घालणं. स्प्लेंडरच्या शंभर सीसी इंजिनचा मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 50 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 49.5 मिमी. ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन साधारणपणे 0.25, 0.50, 0.75 आणि 1.00 मिमी अशा टप्प्यांनी येतात. खानापूरच्या लाल मातीत किंवा ऊसतोडीच्या दिवसांत चिकोडी-निपाणीकडच्या फुफाट्यात फिरणारी गाडी निळा धूर ओकायला लागली, की कितीचा पिस्टन घालायचा हा प्रश्न येतो. पाव मिलिमीटरचा की अर्ध्याचा, हे ब्लॉक (सिलिंडर) मोजल्याशिवाय ठरवूच नये.

एअर फिल्टर चुकवून आत गेलेली बारीक वाळू पिस्टनवरची रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीच्या मध्ये अडकते. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे तेलाचा थर सर्वांत पातळ असतो, म्हणून झीज तिथेच जास्त. त्यातही पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो त्या बाजूला. त्यामुळे बोअर गेजने (आतला व्यास मोजायचं साधन) वर, मध्ये, खाली आणि प्रत्येक ठिकाणी पिस्टनच्या पिनच्या दिशेने व तिला आडवं, अशी सहा मापं घ्यावीत.

समजा सर्वांत मोठं माप 50.12 आलं. पाव मिलिमीटर पुरेल असं वाटतं, आणि इथेच फसगत होते. मूळ केंद्र धरून 0.25 चा बोअर केला तर प्रत्येक बाजूने फक्त 0.125 मिमी धातू निघतो. सगळी 0.12 झीज एकाच बाजूला असेल तर तिथे जेमतेम 0.005 मिमी कापलं जाईल आणि जुना ओरखडा राहील. अशा ब्लॉकला 0.50 च हवा. झीज दोन्ही बाजूंना सारखी वाटलेली असेल तर मात्र 0.25 भागतो, तेव्हा उगाच मोठा बोअर मारणं म्हणजे पुढची एक दुरुस्ती आजच खाऊन टाकणं. ताकदीच्या आशेने तर नकोच: पूर्ण 1.00 मिमी वाढवूनही 97.2 सीसीचे 101 होतात, म्हणजे जेमतेम चार टक्के.

नुसत्या नव्या रिंगा टाकून भागत नाही. व्यास 0.12 ने वाढला की रिंगच्या तोंडाची फट सुमारे 0.38 मिमीने वाढते.

पिस्टन किट आधी हातात घ्यावं, मगच ब्लॉक बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीनवर द्यावा. किटवर 0.50 छापलेलं असलं तरी पिस्टनचा स्कर्ट (खालचा भाग) मायक्रोमीटरने मोजून, त्यात कंपनीने सांगितलेला क्लिअरन्स (पिस्टन आणि भिंतीमधली फट) मिळवून बोअरचं अंतिम माप ठरतं. होनिंगसाठी (बोअरनंतर दगडाने घासून केलेली शेवटची घासाई) 0.03 ते 0.05 मिमी राखून ठेवायला सांगावं. ब्लॉक मशीनवरून गरम उतरला असेल तर निवू द्यावा. ॲल्युमिनियमचा पिस्टन सिलिंडरच्या बिडापेक्षा उष्णतेने जवळपास दुप्पट फुगतो, म्हणून पिस्टन आणि बोअर ही दोन्ही मापं एकाच सावलीत घ्यायची. क्लिअरन्स कमी पडला तर पिस्टन जाम होतो, जास्त झाला तर थंड इंजिन खडखडतं.

एटीव्हीलाही (कच्च्या रस्त्यावर चालणारी चार चाकांची बाइक) हाच हिशेब लागू. मात्र त्यांतल्या बऱ्याच सिलिंडरांना आतून निकासिलचा कठीण मुलामा असतो; ते असे बोअर करता येत नाहीत, पुन्हा मुलामा द्यावा लागतो किंवा स्लीव्ह (आत बसणारी नळी) बसवावी लागते.

होनिंगनंतर ब्लॉक डिझेलने नव्हे, गरम पाणी आणि साबणाने ब्रश मारून धुवावा. तेल लावलेलं पांढरं फडकं फिरवून काळं निघेनासं होईपर्यंत. कार्ब्युरेटर आणि फिल्टरमधल्या रबराला चीर असेल तर तेही त्याच दिवशी बदलावं, नाहीतर नव्या बोअरमध्ये पहिल्या दिवसापासून पुन्हा तीच वाळू.