ट्यूब सोडण्याआधी नमुना: कासदाहाचे दूध तपासणीस पाठवणाऱ्या पशुपालकांसाठी

कासदाहाच्या, म्हणजेच दगडीच्या, दुधाचा नमुना तपासल्यावर ‘जिवाणूंची वाढ आढळली नाही’ असा अहवाल हाती पडला, की ‘सडातून गुठळ्या येत आहेत, कास कडक झाली आहे, मग जिवाणू सापडत कसे नाहीत?’ असे आम्हाला प्रयोगशाळेत वारंवार विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. चौकशी केल्यावर बहुतेक वेळा असे कळते, की जनावराला प्रतिजैविकाचे इंजेक्शन आधीच दिले होते किंवा सडात औषधाची ट्यूब सोडली होती, आणि गुण आला नाही म्हणून मग दूध आमच्याकडे आले.

अशा दुधात औषधाचा अंश उतरलेला असतो. आजार बरा करण्यास तो अपुरा पडला, तरी प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखण्यास तो पुरेसा ठरू शकतो. वाढच झाली नाही, तर कोणते औषध लागू पडेल हे दाखवणारी संवेदनशीलता चाचणी करता येत नाही, आणि पशुवैद्यकांना पुढचे औषध अंदाजाने निवडावे लागते. म्हणून नमुना आधी घ्यावा आणि औषध नंतर द्यावे. यासाठी उपचार लांबवण्याची मुळीच गरज नाही, कारण नमुना घेण्यास पाच मिनिटे पुरतात. तो लगेच पाठवायचा नसेल, तर बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवावा. पहिल्या औषधाने गुण आला तर टाकून द्यावा, न आल्यास तोच नमुना उपयोगी पडतो.

औषध न देताही कोरा अहवाल येऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे. ई. कोलायच्या संसर्गात शरीराने जिवाणू आधीच नष्ट केलेले असू शकतात, तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू कासेच्या आत दडून राहतो आणि दुधात कधी उतरतो, कधी उतरत नाही. अशा वेळी आम्ही दुसरा नमुना मागतो, तो केवळ याच कारणाने. एका तपासणीवर गाय निर्दोष ठरवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

नमुना घेताना सड कोरडे करून त्याचे टोक ७० टक्के अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने, बोळा स्वच्छ निघेपर्यंत पुसावे. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढून टाकाव्यात आणि बाटली तिरपी धरून ३ ते ५ मिली दूध घ्यावे. बाटली काठोकाठ भरण्यात अर्थ नाही, कारण तपासणीसाठी आम्ही साधारण ०.०१ मिली दूधच वापरतो. एवढ्याशा थेंबात शेणाचा कण आला, तर अनेक प्रकारचे जिवाणू एकत्र वाढतात आणि रोगाचा जिवाणू कोणता हे सांगता येत नाही. असा नमुना आम्ही नाकारतो, कारण चुकीच्या अहवालावर औषध देण्यापेक्षा दोन दिवस गेलेले परवडतात. दूध बर्फावर ठेवून २४ तासांच्या आत पोहोचवावे. उष्ण हवेत ई. कोलायसारखे जिवाणू दर २०-३० मिनिटांनी दुप्पट होऊ शकतात.

निर्जंतुक बाटल्यांचा संच आमच्याकडून आगाऊ नेऊन गोठ्यातच ठेवावा, म्हणजे ऐन वेळी औषधाची जुनी बाटली धुऊन वापरण्याची पाळी येत नाही. सोबतच्या चिठ्ठीवर जनावराचा क्रमांक, सड कोणते आणि नमुन्याची वेळ लिहावी. औषध दिले गेले असेल, तर त्याचे नाव व दिवस अवश्य नोंदवावा. त्याबद्दल आम्ही कोणालाही दोष देत नाही, मात्र ते माहीत असल्याशिवाय कोऱ्या अहवालाचा अर्थ आम्हाला लावता येत नाही.